ठरलेले नसताना सिझेरियन: कळांपासून सहाव्या आठवड्यापर्यंत

कळा सुरू होऊन दहा-बारा तास उलटलेले असतात, घरच्यांनी रात्रीचा डबा आणून ठेवलेला असतो, आणि तपासणी करून बाहेर आलेल्या डॉक्टर 'आता सिझर करावे लागेल' असे सांगतात. प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम करताना हे वाक्य मी अनेकींच्या बाबतीत ऐकले होते. माझ्या पहिल्या बाळंतपणात ते माझ्याच बाबतीत उच्चारले गेले, तेव्हा इतकी वर्षे इतरांना धीर देणाऱ्या मला एकही प्रश्न विचारायला सुचला नाही. शस्त्रक्रिया का झाली, हे मला दुसऱ्या दिवशी माझीच फाईल मागून वाचल्यावर कळले. बाळ सुखरूप होते आणि मीही बरी होते, पण आपल्या शरीरावर काय झाले हे कागदावर वाचावे लागल्याची रुखरुख बरेच दिवस गेली नाही. ही रुखरुख टाळता येते, आणि त्यासाठीची तयारी कळा येण्याआधीच करावी लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होते, म्हणजे साधारणतः चौघींपैकी एक. त्यांत आधी तारीख ठरवून केलेल्या शस्त्रक्रियाही आहेत, परंतु 'माझे नॉर्मलच होणार' असे धरून चालणाऱ्या प्रत्येकीने दुसरा रस्ताही एकदा डोळ्यांखालून घालावा, इतके हे प्रमाण नक्कीच मोठे आहे.

आठव्या महिन्यात एक संध्याकाळ काढा

पहिला प्रश्न रुग्णालयाविषयीचा आहे. तुम्ही जिथे नाव नोंदवले आहे तिथे सिझेरियन होते का, आणि होत असेल तर रात्री दोन वाजता होते का? प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा शस्त्रक्रियेची सोय नसते, तिथून ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. लहान खासगी प्रसूतिगृहांत स्त्रीरोगतज्ज्ञ तिथेच राहत असले तरी भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बाहेरून बोलावले जातात. म्हणून संकोच न करता तीन गोष्टी विचारून ठेवा: भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात, रक्त कोणत्या रक्तपेढीतून येते, आणि बाळाला अतिदक्षतेची गरज पडली तर त्याला कुठे नेले जाते. ही उत्तरे समाधानकारक नसतील तर ठिकाण बदलायला आठव्या महिन्यात वेळ असतो, कळा सुरू झाल्यावर नसतो.

वाहनाचा विचारही आत्ताच करा. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि गरोदर माता व नवजात बालकांच्या सरकारी वाहनासाठी १०२, हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. जून २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील बाळंतपण सिझेरियनसह मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरापासून रुग्णालयापर्यंतची व परतीची वाहतूक यांचेही पैसे द्यावे लागत नाहीत. अनेक कुटुंबे ही माहिती नसल्यामुळे ऐन वेळी सावकाराकडे जातात, याचे मला फार वाईट वाटते.

खासगी रुग्णालयात मात्र नॉर्मल आणि सिझेरियन अशा दोन्हींचा अंदाजी खर्च लेखी मागा. आरोग्य विमा असेल तर बाळंतपणासाठी प्रतीक्षा कालावधी किती आहे आणि खर्चाची मर्यादा किती आहे, हे पॉलिसीतच पाहा.

एका फाईलमध्ये रक्तगट, अलीकडचे हिमोग्लोबिन, सगळ्या सोनोग्राफींचे अहवाल, चालू औषधे आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची नोंद ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो फाईलच्या वरच्याच पानावर ठळक लिहा. पिशवीत कमरेला घट्ट बसणारा सलवार किंवा पायजमा न ठेवता पुढून उघडणारे सैल गाऊन ठेवा. टाके नेमके नाडी बांधतो त्याच रेषेवर येतात, हे मला माझ्या अनुभवातून कळले.

सोबत कोण असेल हेही ठरवा. सोबतीला येणाऱ्या व्यक्तीला गर्दी आवरता आली पाहिजे, डॉक्टरांशी शांतपणे बोलता आले पाहिजे आणि तुमच्या वतीने प्रश्न विचारता आले पाहिजेत. ती आई असेल, जाऊ असेल किंवा नवरा असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांचा मान राखूनही ही जबाबदारी योग्य माणसाकडे देता येते.

निर्णयाची वेळ: घाई किती आहे?

आधी न ठरलेले प्रत्येक सिझेरियन धावपळीचेच असते असे नाही. ब्रिटनमध्ये अशा शस्त्रक्रियांची तातडीनुसार वर्गवारी करतात. आई किंवा बाळाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर निर्णयापासून तीस मिनिटांच्या आत बाळ बाहेर यावे आणि धोका आहे पण तत्काळ नाही अशा वेळी पंचाहत्तर मिनिटांच्या आत यावे, अशी तिथली अपेक्षा आहे. आपल्याकडे ही वर्गवारी तोंडी सांगितली जात नसली तरी फरक तोच आहे, आणि तो समजून घेणे तुमच्या हातात आहे.

नाळ बाळाच्या आधी खाली सरकणे, वार गर्भपिशवीपासून सुटून रक्तस्राव होणे, जुन्या सिझेरियनचा व्रण उकलल्याची शंका, बाळाचे ठोके खाली जाऊन वर न येणे, या प्रसंगांत प्रश्नोत्तरांना वेळ नसतो. अशा वेळी तुम्हाला स्ट्रेचरवर घेऊन माणसे अक्षरशः पळतील. ते पाहून भीती वाटणे साहजिक आहे, पण ती धावपळ म्हणजे सगळे जण आपापले काम ठरल्याप्रमाणे करत आहेत, एवढे मनात धरा.

याहून कितीतरी अधिक वेळा कारण सावकाश पुढे आलेले असते: कळा चांगल्या असूनही पिशवीचे तोंड उघडत नाही, बाळाचे डोके खाली सरकत नाही, कळा आणण्याचे औषध देऊनही उपयोग होत नाही, रक्तदाब वाढत जातो, किंवा बाळाने आत शी केलेली असून ठोक्यांचा आलेखही काळजी करण्यासारखा असतो. इथे बहुधा दहा-पंधरा मिनिटे तरी असतात. त्या वेळात तुम्ही किंवा तुमच्या सोबतीने चार प्रश्न विचारावेत. नेमके काय झाले आहे? बाळाचे ठोके या क्षणी कसे आहेत? आणखी थोडा वेळ थांबलो तर काय होऊ शकते? थांबण्याऐवजी आणखी काही करून पाहता येईल का, जसे कूस बदलणे, कळांचे औषध कमी-जास्त करणे किंवा पाण्याची पिशवी फोडणे? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही, आणि उत्तरे ऐकल्यावर बहुतेकींचे मन निर्णयाला तयार होते.

दोन कारणांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण ती आपल्याकडे वारंवार सांगितली जातात. पहिले कारण म्हणजे 'नाळेचा वेढा'. साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती नाळेचा वेढा असतो आणि त्यांतील बहुसंख्य बाळे नॉर्मल प्रसूतीने सुखरूप जन्मतात. निव्वळ सोनोग्राफीत वेढा दिसला म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. वेढ्यासोबत ठोके बिघडत असतील तर गोष्ट वेगळी. दुसरे कारण 'वेळ लागतोय' हे आहे. दर तासाला पिशवीचे तोंड एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना नियम आता तितक्या काटेकोरपणे लावला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार कळांचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला जातो, आणि आई व बाळ दोघेही ठीक असतील तर केवळ मंद गती हे शस्त्रक्रियेचे कारण होत नाही. याचा अर्थ डॉक्टरांवर अविश्वास दाखवावा असा मुळीच नाही. कारण ऐकताना 'आणि बाळ कसे आहे?' हा पुढचा प्रश्न विचारावा, एवढाच आहे.

सही कोणाची?

आपल्याकडे संमतीपत्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या हातात दिले जाते आणि टेबलावर जाणारी बाई शेवटी विचारली जाते, कधी विचारलीही जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली या रुग्ण महिलेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्या रुग्णाकडूनच घ्यायला हवी, तिच्या आईने दिलेली संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि जीव वाचवण्यासाठी उपचार तातडीने करावे लागत असतील तर डॉक्टर पुढे जाऊ शकतात. म्हणून कळांच्या मध्ये का होईना, फॉर्म स्वतःच्या हातात घ्या, शस्त्रक्रियेचे कारण त्यात लिहिले आहे का ते पाहा आणि सही करा. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून जरूर घ्यावी.

त्याच फॉर्मवर किंवा त्याच घाईत 'सोबत कॉपर-टी बसवू का' किंवा 'मुले बंद करण्याची शस्त्रक्रिया करू का' असे विचारले जाऊ शकते. दोन्ही गोष्टी सिझेरियनच्या वेळी सुरक्षितपणे करता येतात, परंतु त्यांचा निर्णय कळांच्या वेदनेत घ्यायचा नसतो. तो आठव्या महिन्यातल्या त्याच संध्याकाळी नवऱ्याशी बोलून घ्या आणि फाईलमध्ये लिहून ठेवा. ऐन वेळी मन द्विधा असेल तर 'आत्ता नको' हे पूर्ण उत्तर आहे.

शस्त्रक्रियागृहात (ओटीत) जाण्यापूर्वी

या वेळात बरेच काही एकाच वेळी घडते. हाताला सलाईन लागते, रक्ताचा नमुना जातो, लघवीची नळी बसवली जाते, पोटाचा खालचा भाग स्वच्छ केला जातो, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकाचे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या आधीच दिले जाते आणि पोटातील आम्ल कमी करणारे औषध मिळते. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, केसांच्या पिना काढाव्या लागतात. मंगळसूत्र काढताना कोणाचे मन खट्टू होत असेल तर ते स्वतःच्या हाताने काढून आईच्या किंवा नवऱ्याच्या हातात द्यावे. पळभर वेळ लागतो, तेवढा कोणीही देते.

भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा शेवटचे काय खाल्ले आणि किती वाजता, हे अगदी खरे सांगा. घरच्यांनी पडद्याआडून दिलेला चहा आणि दोन बिस्किटेही सांगा. भरल्या पोटी भूल द्यावी लागली आणि उलटी फुप्फुसात गेली तर ते जिवावर बेतू शकते. खाल्ल्याचे कळल्याने कोणी रागावणार नाही, फक्त भूल देताना अधिक काळजी घेतली जाईल. दमा, हलणारा दात, आधीच्या भुलीत झालेला त्रास, रक्त पातळ करण्याचे औषध, पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर तेही याच वेळी सांगायचे.

टेबलावर

बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करतात. त्यासाठी तुम्हाला बसवून किंवा कुशीवर घेऊन पाठ मांजरासारखी बाहेर काढायला सांगतात. नवव्या महिन्याचे पोट आणि मध्येच येणारी कळ यांमुळे हे अवघड वाटते. कळ येत असेल तर 'थांबा' म्हणा, ती ओसरू द्या, मग हनुवटी छातीकडे नेऊन खांदे सैल सोडा. सुई आत असताना न हलणे, एवढेच तुमच्याकडून हवे असते. पाच-दहा मिनिटांत पाय उबदार आणि जड होतात. पोटावर थंड स्पर्श किंवा चिमटा कळतो का हे तपासल्याशिवाय छेद घेतला जात नाही.

यापुढचे आधी कोणी सांगत नाही म्हणून सांगते. या भुलीत वेदना जाते, स्पर्श पूर्ण जात नाही. पोटात ओढल्यासारखे, कोणी आत हात घालून काही शोधत असल्यासारखे जाणवते, आणि बाळ बाहेर काढताना बरगड्यांखाली जोराचा दाब येतो. हे अपेक्षित आहे. मात्र टोचल्यासारखे किंवा कापल्यासारखे दुखले तर लगेच मोठ्याने सांगायचे, सहन करत राहायचे नाही. रक्तदाब खाली गेल्यामुळे मळमळ होते, अंगाला थरथर सुटते, दात वाजतात. डोक्याशी उभे असलेले भूलतज्ज्ञ त्यासाठीच तिथे असतात.

छेद ओटीपोटाच्या खालच्या बाजूला आडवा, बहुधा दहा ते पंधरा सेंटिमीटरचा असतो. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. छेद घेतल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत पाच-दहा मिनिटे पुरतात. शिवण्याचे काम मात्र अर्धा-पाऊण तास चालते, आणि तो वेळ फार लांब वाटतो. बाळ रडले आणि ठीक असेल तर त्याला तुमच्या गालाशी, छातीशी आणायला सांगा. नाळ मिनिटभर थांबून कापावी, अशी विनंतीही करता येते. बाळाला बालरोगतज्ज्ञांनी उबदार टेबलावर नेले तर 'बाळ कसे आहे' हे विचारत राहा; उत्तर मिळेपर्यंतचे ते क्षण प्रत्येकीला जड जातात.

अगदी वेळ नसेल, किंवा कमरेतील इंजेक्शन देता येत नसेल, तर पूर्ण भूल दिली जाते आणि जाग येते तेव्हा बाळ जन्मलेले असते. ज्यांच्या वाट्याला हे येते, त्यांनी बाळाच्या पहिल्या रडण्याची वेळ, वजन आणि त्याला प्रथम कोणी घेतले हे सोबतच्या माणसाकडून नंतर सविस्तर ऐकावे. बऱ्याच जणींना त्याने समाधान वाटते.

पहिले चोवीस तास

भूल उतरायला दोन-तीन तास लागतात. या काळात परिचारिका वारंवार नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव पाहतात आणि पोट दाबून गर्भपिशवी घट्ट झाली आहे का हे तपासतात. ते दाबणे दुखते, पण रक्तस्राव वेळीच ओळखण्यासाठी ते चुकवता येत नाही. अंगाखाली ओले-गरम जाणवले, चक्कर आली, डोळ्यांसमोर अंधारी आली तर पुढच्या फेरीची वाट न पाहता हाक मारा.

वेदनाशामक औषध वेळच्या वेळी मागून घ्या. दुखणे असह्य झाल्यावर घेतलेल्या गोळीला काम करायला फार वेळ लागतो. सिझेरियननंतर दिली जाणारी नेहमीची वेदनाशामके आणि प्रतिजैविके अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशीच निवडलेली असतात. औषधाच्या भीतीने वेदना सहन करणारी बाई हलत नाही, हलत नाही म्हणून तिच्या पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो आणि बाळाला घेणेही तिला जमत नाही.

वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, ही पद्धत अजून काही ठिकाणी आहे. मळमळ नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर काही तासांतच घोट घोट पाणी, मग चहा, पेज, मऊ भात असे सुरू करता येते. त्याने आतडी लवकर जागी होतात.

आता पहिल्यांदा उठण्याविषयी, कारण अनेकींना शस्त्रक्रियेपेक्षा याचीच अधिक आठवण राहते. पायांत पूर्ण जोर आल्यावर, साधारणतः सहा ते बारा तासांत, तुम्हाला उठवले जाईल. सरळ उठून बसण्याचा प्रयत्न करू नका. आधी गुडघे वाकवा, सबंध अंग एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि मग खालच्या कोपरावर व वरच्या तळहातावर जोर देऊन बसते व्हा. दोन-तीन मिनिटे तशीच बसा. चक्कर येत नसेल तर कोणाचा तरी दंड धरून उभी राहा. टाक्यांवर घडी केलेली चादर किंवा लहान उशी धरली की खोकताना, शिंकताना, हसताना टाके उसवतील ही भीती कमी होते. उभे राहिल्यावर बराच वेळ साचलेला रक्तस्राव एकदम पायावरून ओघळतो, त्याने घाबरू नका, पण तो थांबत नसेल तर सांगा. कमरेत वाकून चालण्याचा मोह होतो. हळूहळू पाठ सरळ करा. पहिल्या दिवशी दारापर्यंत, दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात, एवढे पुरे. पहिल्यांदा उठताना मात्र एकटीने कधीही उठू नका.

लघवीची नळी काढल्यावर चार-सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगायचे. बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी तीव्र डोकेदुखी काही जणींना कमरेतील इंजेक्शनमुळे होते. उशी न घेता चोवीस तास सपाट झोपल्याने ती टळत नाही, पण तिच्यावर उपचार आहे, म्हणून ती अंगावर काढू नये.

दूध

'सिझरच्या बाईला दूध लवकर येत नाही, तोवर वरचे द्या,' हे वाक्य वॉर्डात पहिल्याच तासात ऐकू येते. भरभरून दूध यायला तीन-चार दिवस, क्वचित आणखी एखादा दिवस लागतो हे खरे. परंतु पहिल्या दिवसापासून येणारा पिवळसर चीक हेच बाळाचे त्या दिवसांतले अन्न असते, आणि तो थोडा दिसत असला तरी बाळाच्या इवल्याशा पोटाला पुरतो. शक्य तर पहिल्या तासातच, ओटीतून बाहेर येताच बाळाला छातीशी घ्या. मध, साखरपाणी, घुटी यांपैकी काहीही देऊ नका.

बाळाला मांडीवर घेतले की त्याचे पाय टाक्यांवर बसतात, म्हणून कुशीवर झोपून पाजावे, किंवा बाळाला काखेखाली, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे जातील असे उशीवर ठेवून पाजावे. पहिल्या दोन रात्री बाळाला उचलून देणारे माणूस जवळ हवे. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर पहिल्याच दिवसापासून हाताने दूध काढायला शिकवा म्हणून परिचारिकेच्या मागे लागा. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आज इतरही मोठ्या रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत. तुमचे दूध पोहोचेपर्यंत तिथले दूध मिळू शकते का, हे विचारा.

रुग्णालयातून निघताना

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर निघण्याची घाई करू नका. त्यावर शस्त्रक्रियेचे कारण, गर्भपिशवीवरील छेद खालच्या भागात आडवा होता की उभा, रक्तस्राव किती झाला, रक्त चढवले का, आणि टाके विरघळणारे आहेत की काढायचे आहेत, हे लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर लिहून मागा. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटून 'माझे सिझर का झाले आणि पुढच्या वेळी काय शक्य आहे' हे दोन प्रश्न विचारा. मी हे विचारले नाही, आणि पुढच्या बाळंतपणापर्यंत तर्क करत बसले.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह रक्तगटाचे असेल तर ॲन्टी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळाले पाहिजे. जन्माची नोंद २१ दिवसांत होते ना, याचीही खात्री करून घ्या.

घरी: शेगडी, मालिश आणि लाडू

आपल्याकडची बाळंतिणीची उस्तवार ही फार मोलाची गोष्ट आहे. सव्वा महिना तिला कोणी पाण्याचा हंडा उचलू देत नाही, गरम जेवण हातात देते. सिझेरियन झालेल्या बाईला नेमके हेच हवे असते. काही रीती मात्र पोटावर टाके असताना बदलाव्या लागतात. हातापायांना आणि पाठीला हलके तेल लावायला हरकत नाही, पोट मात्र सहा आठवडे चोळू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो, आणि टाक्यांजवळची कातडी काही महिने बधिर असल्याने भाजलेले कळतही नाही. पोटाला सैलसर पट्ट्याचा आधार घेतल्याने चालताना बरे वाटते, पण लुगड्याने करकचून बांधल्याने पोट आत जात नाही.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा हे सगळे आवडीने खा. भात खाल्ल्याने टाक्यांत पू होतो, जास्त पाणी प्यायल्याने पोट सुटते, हे समज मात्र सोडून द्या. पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठ होते, आणि कुंथणे टाक्यांना नकोच असते. डाळ, पालेभाजी, अंडी, मासे, फळे जे घरात खाल्ले जाते ते सगळे चालते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या लाडवांच्या भरवशावर बंद करू नका.

पट्टी काढल्यावर साबणाच्या पाण्याने आंघोळ करता येते. टाके चोळायचे नाहीत, स्वच्छ कोरड्या कापडाने टिपायचे. हळद, तेल, राख काही लावायचे नाही. पोटाची घडी टाक्यांवर येत असेल तर तिथे ओल राहते, म्हणून दिवसातून दोनदा ती जागा हवेशीर ठेवा. बाळाच्या वजनापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नका. थोरले मूल कडेवर यायला रडत असेल तर तुम्ही बसून त्याला कुशीत घ्या.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जाणे, टाक्यांतून पू किंवा पाणी येणे, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येणे, तासाभरात पॅड भिजणे, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखीसोबत अंधुक दिसणे, झटके येणे: यांपैकी काहीही झाले तर रात्र असो वा अमावास्या, रुग्णालयात जायचे. 'सव्वा महिना बाहेर पडायचे नाही' हा नियम या खुणांना लागू नाही. रक्तदाबाचे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, हे घरातल्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवा.

मनाचे काय?

'बाळ चांगले आहे ना, मग रडतेस कशाला?' हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो, तरी तो लागतो. 'कळाही सोसल्या आणि पोटही कापून घेतले' असे वाटणे, टेबलावरचा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, 'मला जमले नाही' असे वाटणे, हे अचानक सिझेरियन झालेल्या कितीतरी जणी मला हळू आवाजात सांगतात. तुम्ही काही कमी केले म्हणून शस्त्रक्रिया झाली नाही. चालायला हवे होते, तूप प्यायला हवे होते, अजून जोर करायला हवा होता, हे बोलणाऱ्याला सोबतच्या माणसाने तिथेच थांबवावे. पहिल्या आठवड्यातला रडवेपणा बहुधा आपोआप ओसरतो. तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला, बाळ जवळ घ्यावेसे वाटेना, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेना, किंवा जगणे नको वाटू लागले, तर हा उपचार होणारा आजार आहे. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर घरच्यांनी क्षणभरही तिला एकटे न ठेवता रुग्णालयात न्यावे.

पुढचे बाळंतपण

नोकरी करणाऱ्यांना कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. बाळंतपणातून आजारपण उद्भवले तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. टाके पिकून पुन्हा दाखल व्हावे लागले, तर तो दाखला जपून ठेवा.

बाळंतपणानंतर दीड वर्ष पूर्ण होण्याआधी पुन्हा दिवस राहू नयेत, कारण गर्भपिशवीवरचा व्रण भरायला वेळ लागतो. अंगावर पाजत असताना पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात, म्हणून सहाव्या आठवड्याच्या तपासणीत गर्भनिरोधनाचा विषय तुम्हीच काढा. 'एकदा सिझर म्हणजे कायम सिझर' हे खरे नाही. छेद खालच्या भागात आडवा असेल आणि इतर अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी साधारण तिघींची पुढची प्रसूती नॉर्मल होते. व्रण उकलण्याचा धोका साधारण दोनशे जणींमागे एकीला असतो, म्हणून हा प्रयत्न तातडीच्या सिझेरियनची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करायचा. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणावर तर चिकटलेली नाही ना, हे सोनोग्राफीत आवर्जून पाहायला सांगावे. यासाठी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ते जुने कार्ड दाखवावे लागेल. आजच त्याचा फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा, म्हणजे ते हरवणार नाही.